राजपुत्राच्या मिश्या आणि नाताळचं झाड

इंग्लंडच्या राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याच्या मिश्या १८५०च्या डिसेंबरात अमेरिकेत उतरवल्या गेल्या. त्याला न विचारता. फिलाडेल्फियाच्या ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकानं लंडनच्या एका साप्ताहिकात दोन वर्षांपूर्वी आलेलं चित्र उचललं, नव्यानं कोरून घेतलं आणि कोरताना चार-दोन गोष्टी गाळल्या. राणी व्हिक्टोरियाच्या डोक्यावरचा रत्नजडित मुकुट गेला, अल्बर्टच्या छातीवरचा मानाचा पट्टा गेला आणि मिश्याही गेल्या. उरलं ते टेबलावर ठेवलेलं, मेणबत्त्यांनी उजळलेलं झाड आणि भोवती जमलेलं एक खातंपितं कुटुंब. खाली नाव एवढंच, ‘द ख्रिसमस ट्री’.

घरोघरच्या नाताळाचा इतिहास लिहिणारे बहुधा मार्टिन ल्यूथरपासून सुरुवात करतात. बर्फाळ रात्री त्याला फरच्या फांद्यांतून तारे दिसले आणि त्यानं घरातल्या झाडाला मेणबत्त्या लावल्या, ही गोष्ट गोड आहे, पण तिला पुरावा नाही. पुरावा आहे तो स्ट्रासबुर्गचा. तिथले लोक दिवाणखान्यात फरची झाडं उभी करून त्यांना कागदी गुलाब, सफरचंदं, साखर आणि सोनेरी वर्ख टांगतात, असं एका अनाम प्रवाशानं १६०५ साली नोंदवून ठेवलं आहे. आता तिथून थेट इंग्लंडच्या राजघराण्याच्या विंडसर राजवाड्यात जाऊ.

अल्बर्टनं ख्रिसमस ट्री जर्मनीहून इंग्लंडला आणला, हे विधान इतकं रुळलंय की ते तपासायची गरज कुणाला वाटत नाही. ते चूक आहे. तिसऱ्या जॉर्जची जर्मन राणी शार्लट हिनं १८०० सालीच विंडसरला मुलांच्या मेजवानीसाठी यू जातीचं अख्खं झाड सजवून घेतलं होतं. खुद्द व्हिक्टोरियानं तेरा वर्षांची असताना, १८३२च्या नाताळात, दिवे आणि साखरेचे दागिने लावलेल्या झाडांचं वर्णन रोजनिशीत लिहून ठेवलंय. अल्बर्टशी तिचं लग्न झालं १८४० साली. म्हणजे नवरा येण्याआधीच झाड माहेरी होतं! पण ते राजवाड्यात होतं आणि राजवाड्यातच राहिलं. शार्लटच्या झाडानंतर जवळजवळ पन्नास वर्षं सामान्य इंग्रज माणसाच्या घरात त्याचा पत्ता नव्हता. ते बाहेर पडलं ते छापखान्याच्या वाटेनं.

‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ हे सचित्र साप्ताहिक हर्बर्ट इनग्रॅमनं १८४२ साली काढलं. बातमी वाचायची नसून पाहायची असते, हे त्यानं फार लवकर ओळखलं होतं. डिसेंबर १८४८च्या नाताळ पुरवणीत जे. एल. विल्यम्सनं काढलेलं विंडसरच्या झाडाचं पानभर चित्र आलं. सोबतचा मजकूर तर सजावटीची कृतीच आहे. झाड आठेक फुटांचं. फांद्यांच्या सहा ओळी, ओळीगणिक डझनभर मेणबत्त्या. रंगीत फितींना टांगलेल्या टोपल्या, मिठाईच्या डब्या, वर्ख लावलेली जिंजरब्रेड, आत गोळ्या भरलेली अंडी. झाडाखाली पांढरीशुभ्र चादर, बुंध्याशी बाहुल्या आणि खेळणी, शेंड्यावर पंख पसरलेला देवदूत. हे वाचून कुणाही कारकुनाच्या बायकोला झाड उभं करता आलं असतं. आठ फुटांचं नाही जमलं, तर तीन फुटांचं.

खरा विंडसर मात्र त्या चित्रात मावत नव्हता. तिथे झाड एक नसे. राणीचं वेगळं, अल्बर्टचं वेगळं, मुलांचं वेगळं, राणीच्या आईचं वेगळं. काही वर्षी तर छताची झुंबरं उतरवून त्यांच्या जागी झाडं लटकवली जात. जेवणघरात गोमांसाचा अवाढव्य तुकडा आणि रानडुकराचं डोकं मांडलेलं असे. चित्रकारानं यातलं एकच टेबल, एकच झाड आणि एकच कुटुंब निवडलं. त्यामुळे राजवाड्यातला नाताळ दिवाणखान्यात मावेल एवढा झाला. संपादनाची पहिली कात्री लागली ती इथे, लंडनमध्ये. अमेरिकेनं फक्त पुढचा हात फिरवला.

तो हात ज्या मासिकाचा, त्याच्या संपादक बाई दिवाणखान्यातल्या नाताळाच्या खऱ्या सूत्रधार म्हणाव्या लागतील. सारा जोसेफा हेल. जन्म १७८८, न्यू हॅम्पशायर. चौतिसाव्या वर्षी वैधव्य, पदरी पाच मुलं. त्यानंतर त्या जन्मभर काळ्या कपड्यांत वावरल्या आणि लेखणीवर घर चालवलं. जगभरच्या बालवाड्यांत म्हटलं जाणारं मेरी आणि तिच्या कोकराचं गाणं त्यांचंच. १८३७ ते १८७७ अशी चाळीस वर्षं त्यांनी ‘गोडीज’ संपादित केलं. हातानं रंगवलेली फॅशनची चित्रं, कथा, पाककृती, घराचे नकाशे असा त्याचा ऐवज. १८६०च्या सुमारास खप दीड लाखापर्यंत गेला होता. त्या काळात ही अफाट गोष्ट.

बाई चिवटही होत्या. थँक्सगिव्हिंगचा दिवस साऱ्या देशानं एकाच वेळी पाळावा, म्हणून त्या वर्षानुवर्षं अग्रलेख लिहीत आणि राष्ट्राध्यक्षांना पत्रं धाडत राहिल्या. शेवटी ऑक्टोबर १८६३ मध्ये, ऐन यादवी युद्धात, लिंकननं त्यांचं ऐकलं. पण त्यांच्याच मासिकात त्या युद्धाला आणि गुलामगिरीच्या प्रश्नाला जागा नव्हती. मालक लुई गोडी यांना राजकारणाचा विटाळ होता. दक्षिणेतल्या वर्गणीदार बायकाही नाराज व्हायला नकोत! घर म्हणजे भांडणाबाहेरची जागा, हे या मासिकाचं तत्त्वज्ञान. अल्बर्टच्या मिश्या या तत्त्वज्ञानाला बळी पडल्या, असा तर्क करायला हरकत नाही. मुकुट आणि पट्टा हे राजेशाहीचे, मिश्या परदेशी लष्करी थाटाच्या. प्रजासत्ताकातल्या वाचक बाईला त्या जागी स्वतःचा नवरा दिसायला हवा होता.

या सफाईला आणखी एक कारण संभवतं. हेलबाईंचा न्यू इंग्लंड प्रांत प्युरिटनांचा. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. कायदा गेला तरी संशय उरला. बायबलमध्ये तारीख नाही, मग हा सण कुठला, आणि त्यातली दारू नि हुल्लड कशासाठी? अशा लोकांपुढे चर्चमधला नाताळ ठेवला असता तर वाद झाला असता. पुढे आला तो आई, बाप, मुलं आणि झाड यांचा. त्यात आक्षेप घ्यायला धर्मही नाही आणि राजाही नाही. ‘गोडीज’नं तेच चित्र १८६० साली पुन्हा छापलं. १८७० साली नाताळ अमेरिकेत केंद्र सरकारची सुटी झाला.

चोरीचा मुद्दा राहिला. परदेशी लेखनाला अमेरिकेत स्वामित्वहक्काचं संरक्षण मिळालं ते १८९१ साली. तोवर लंडनचं काहीही उचलावं आणि छापावं, असाच रिवाज होता. कादंबरीकार डिकन्स त्यावर आयुष्यभर चडफडला. हेलबाईंनी नियम मोडला नाही, कारण मोडायला नियमच नव्हता.

डिकन्सचं नाव आलंच आहे तर त्याच्या नाताळाकडे आणि नाताळाला घरी येणाऱ्या पाहुण्यांकडे वळू. त्याची ‘अ ख्रिसमस कॅरल’ १९ डिसेंबर १८४३ला बाहेर पडली. नाताळाचं छापील शुभेच्छापत्रही त्याच वर्षीचं. हेन्री कोल या सरकारी अधिकाऱ्याला सगळ्यांना पत्रं लिहायचा कंटाळा आला, म्हणून त्यानं चित्रकार हॉर्स्लीकडून एक पत्र काढून घेतलं. त्यावर तीन पिढ्यांचं कुटुंब टेबलाशी बसून पेले उंचावतंय. लहान मुलीच्याही तोंडाला पेला लावलेला पाहून दारूबंदीवाले खवळले होते. १८४० पासून एका पेनीत पत्र देशभर जात होतं आणि १८५०पर्यंत ब्रिटनमध्ये सुमारे ६,००० मैल लोहमार्ग पसरला होता. गिरणीच्या गावात गेलेला मुलगा नाताळात आईकडे येऊन परत कामावर हजर होणं आता शक्य होतं. बॉक्सिंग डेची, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवसाची, सुटी कायद्यानं मिळाली ती १८७१ साली. ‘कुटुंब एकत्र येण्याचा सण’ असं आपण म्हणतो खरं, पण एकत्र यायला आधी पांगावं लागतं. तेवढं काम कारखान्यांनी केलं होतं.

आलेल्यांना वाढायचं काय? गरीब घरांत टर्की नसे, हंस असे, आणि तोही भिशीचा. दारूच्या गुत्त्यावर आठवड्याला काही पेनी भरायच्या आणि डिसेंबरात पक्षी घरी न्यायचा. अशा गूज क्लबांचं लंडनच्या कष्टकरी वस्त्यांत पेव फुटलं होतं. घरच्या चुलीवर अख्खा हंस भाजणं अशक्य, म्हणून तो पाववाल्याच्या भट्टीत जाई. ‘कॅरल’मधल्या क्रॅचिट कुटुंबाचा हंस असाच शेजारच्या भट्टीतून येतो, हे आजच्या चित्रपटांत सहसा सुटतं. घरात शिजे ते पुडिंग, कपडे धुवायच्या तांब्याच्या हंड्यात, फडक्यात बांधून. त्याला ‘ख्रिसमस पुडिंग’ असं छापील नाव दिलं १८४५ साली एलायझा ॲक्टन या पाककृतीलेखिकेनं. तोवर ते साधं प्लम पुडिंग होतं.

टेबलावरच्या झाडाला लागणारे काचेचे गोळे आले जर्मनीतल्या थुरिंगियातल्या लाउशा गावातून. काचेची भट्टी तिथे १५९७ पासून. एका कारागिराच्या मागणीवहीत १८४८ साली सहा डझन नाताळी गोळ्यांची नोंद सापडते, विंडसरचं चित्र छापलं गेलं त्याच वर्षी. बाप काच फुंकायचा, आई आतून चांदीचं द्रावण फिरवायची, मुलं रंगवून टोपणं बसवायची. मग बायका पाठीवर करंड्या लादून डोंगरवाटेनं झोनबेर्गच्या अडत्यांकडे निघायच्या. १८८० साली फ्रँक वूलवर्थ या अमेरिकी दुकानदारानं आयातदाराच्या आग्रहाखातर, कुरकुरतच, २५ डॉलरचा माल घेतला. दोन दिवसांत संपला. पुढची अनेक वर्षं लाउशाचे गोळे हा त्याच्या साखळीचा हुकमी माल होता.

वूलवर्थचा तो माल खपल्यानंतर दोनच वर्षांनी, २२ डिसेंबर १८८२ला, एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानं न्यूयॉर्कच्या घरात अक्रोडाएवढे ८० विजेचे दिवे लावलेलं झाड उभं केलं. तांबडे, पांढरे, निळे. झाड स्वतःभोवती फिरायचं. न्यूयॉर्कच्या पत्रांनी ही जाहिरातबाजी समजून तिकडे काणाडोळा केला म्हणतात. सविस्तर वर्णन छापलं ते डेट्रॉईटच्या पत्रानं. झाडाशेजारी पाण्याची बादली ठेवून बसणाऱ्या आयांसाठी हा शोध आधी लागायला हवा होता. पण दिव्यांना घरोघर जायला अर्धं शतक लागलं, कारण घरात वीजच नव्हती. गंमत पुढे आहे. महायुद्धामुळे जर्मन माल तुटणार हे दिसल्यावर १९३९ साली अमेरिकेच्या कॉर्निंग कंपनीनं बल्ब बनवायच्या यंत्रावरच गोळे काढायला घेतले. लाउशाचा कारागीर दिवसाला सहाशेच्या आसपास करायचा, तर यंत्राचं उत्पादन दिवसाला तीन लाखांच्या घरात गेलं. युद्धात धातू मिळेना, तेव्हा गोळे चांदीविना, नुसत्या रंगीत रेघांचे निघाले आणि त्यांना पुठ्ठ्याची टोपणं आली. जुन्या वस्तू जमवणारे आज नेमके तेच शोधत असतात.

आपल्याकडच्या वसई आणि गोव्याला विंडसरचं ऋण तेवढं नाही. वसईत पोर्तुगीज १५३४ ते १७३९ होते, गोव्यात १९६१पर्यंत. इथल्या नाताळाचं केंद्र येशूजन्माचा गोठा, आणि गोठ्याची परंपरा संत फ्रान्सिसनं १२२३ साली ग्रेच्चो गावात मांडलेल्या देखाव्याकडे जाते. फरऐवजी सुरूची फांदी, दारावर कागदी तारा, ताटात नेवऱ्या, दोदोल, बेबिंका. नेवरी म्हणजे आपली करंजीच, आणि तारा म्हणजे आपल्या आकाशकंदिलाचा सख्खा भाऊ. शेजाऱ्यांकडे ताट पोचवायची रीत दोन्ही सणांची सारखीच. तिथल्या घरांना हा सण मासिकातून शिकावा लागला नाही.

मराठीपर्यंत मासिकवाल्या नाताळाचा धागा आला तो वेगळ्याच रूपानं. लंडनच्या साप्ताहिकांना नाताळ पुरवण्यांची सवय लागली, डिकन्सनंही १८५० पासून दर डिसेंबरला खास अंक काढले, आणि साम्राज्यभरच्या वाचनालयांत ते जाड, चित्रांनी भरलेले अंक पोचत राहिले. ‘मनोरंजन’ मासिकाचे कर्ते काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी असे अंक पाहिले आणि आपल्या मोठ्या सणाला असं काही का नाही, म्हणून १९०९ साली मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. चकलीच्या ताटाशेजारी जाडजूड अंक घेऊन लोळण्याची आपली ‘परंपरा’ ती ही.

‘गोडीज’च्या फायली लोकांनी जपल्या म्हणून मिश्यांचा माग लागला. मराठी घरांचं असं काही शोधायचं झालं तर सामग्री माळ्यावरच्या जुन्या दिवाळी अंकांत आहे. कथा-कविता पुढे पुस्तकांतून मिळतात. साबणाच्या जाहिराती, रांगोळीचे नमुने, फराळाच्या कृती आणि मुखपृष्ठांवरची कुटुंबं मात्र दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत. तेव्हा या वर्षी साफसफाई करताना ते गठ्ठे रद्दीवाल्याला देण्याआधी जवळच्या ग्रंथसंग्रहालयाला एकदा फोन करा.