उच्चशिक्षणाच्या वाटा – भाग ७ : शिकता शिकता विद्यापीठ बदलावे का?

पदवीच्या मध्यावर विद्यापीठ बदलण्याची कारणे महाराष्ट्रात साधारण ठरलेली असतात : वडिलांची बदली, मुलीचे लग्न, आजारपण, न झेपणारा वसतिगृहाचा खर्च, मनाविरुद्ध मिळालेला विषय, नाहीतर कॅप राउंडमध्ये थोडक्यात हुकलेले नामांकित महाविद्यालय. यांतली पहिली चार कारणे परिस्थितीची आहेत. तिथे बदलावे का, हा प्रश्न फारसा उरत नाही; कसे बदलावे, एवढेच पाहायचे असते. विषय आणि नाव या दोन कारणांपायी जायचे असेल, तर मात्र खरोखर निर्णय घ्यावा लागतो.

त्यात पहिली गल्लत होते ती विद्यापीठ आणि महाविद्यालय एकच समजण्याची. राज्यातले बहुसंख्य विद्यार्थी संलग्न महाविद्यालयांत शिकतात. विद्यापीठ अभ्यासक्रम आखते, परीक्षा घेते, पदवी देते; रोजचे शिक्षण होते ते महाविद्यालयात. ‘विद्यापीठात काही दम नाही’ ही तक्रार उकलून पाहिली, तर आत बहुधा तास न घेणारे प्राध्यापक, कुलूपबंद प्रयोगशाळा किंवा कॅम्पस मुलाखतींना न फिरकणाऱ्या कंपन्या सापडतात. २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून गोंडवाना विद्यापीठ वेगळे झाले, तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीच्या महाविद्यालयांचे विद्यापीठ बदलले. फळा, बाके आणि शिकवणारी माणसे तीच राहिली. दोष महाविद्यालयाचा असेल तर त्याच विद्यापीठातले दुसरे महाविद्यालय गाठणे हा कमी खर्चाचा उपाय आहे, कारण अभ्यासक्रम तोच राहतो. याला अपवाद स्वायत्त महाविद्यालयांचा. पुण्याचे फर्ग्युसन किंवा मुंबईचे सेंट झेवियर्स आपापला अभ्यासक्रम स्वतः ठरवतात. तिथे जाणे किंवा तिथून निघणे म्हणजे, एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली असूनही, जवळजवळ विद्यापीठ बदलणेच.

अडचण विद्यार्थ्याबरोबर प्रवास करणारी आहे का, हेही तपासावे लागते. इंग्रजी माध्यमाची धास्ती किंवा गणितात वारंवार लागणारी केटी गाव बदलल्याने सुटत नाही. उलट राहिलेले विषय असताना दुसरीकडे प्रवेश मिळणेच कठीण होते.

पुढचा प्रश्न आधी केलेल्या अभ्यासाचा, आणि बहुतेकांचे हिशेब इथेच चुकतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम केले. मिळवलेली श्रेयांके विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षे ग्राह्य राहतात. यावरून ‘आता कुठेही जाता येते’ असा समज पसरला. तो अर्धाच खरा आहे. खात्यात श्रेयांक असणे आणि नव्या विद्यापीठाने तो आपल्या पदवीत धरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय पदवी जिथून घ्यायची, तिथे किमान ५० टक्के श्रेयांके मिळवावीत, अशी अट त्या नियमांत आहे. म्हणजे दोन वर्षे एकीकडे काढून तिसऱ्या वर्षी नाव दुसरे लावता येत नाही.

खरी कसरत विषयांच्या चौकटीत होते. राज्यात नवे शैक्षणिक धोरण स्वायत्त संस्थांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीला लागू झाले. वर्षाला ४० ते ४४ श्रेयांके असतात, पण ती मुख्य विषय, उपविषय, खुले ऐच्छिक विषय, कौशल्ये, भाषा अशा कप्प्यांत वाटलेली असतात. समजा, अर्थशास्त्र मुख्य आणि मानसशास्त्र उपविषय घेतलेली विद्यार्थिनी प्रथम वर्ष पूर्ण करून निघाली. नव्या ठिकाणी मानसशास्त्र हा विषयच नसेल, किंवा अर्थशास्त्राचा जो पेपर तिने अजून दिलेला नाही तो तिथे पहिल्याच वर्षी होत असेल, तर बेरीज जुळूनही कप्पे जुळत नाहीत. मग राहिलेले पेपर दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासाबरोबर उरकावे लागतात, आणि ते न जमल्यास वर्ष जाते. यासाठी दोन्हीकडचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून पेपरागणिक तुलना करणे आणि नव्या विद्यापीठाकडून समकक्षता लेखी घेणे याला पर्याय नाही. आधीचे गुण श्रेणीच्या सरासरीत धरले जाणार की फक्त ‘उत्तीर्ण’ अशी नोंद होणार, हेही त्याच कागदावर यायला हवे. कार्यालयातल्या तोंडी ‘होऊन जाईल’ला काडीची किंमत नसते.

सोयीची वेळ एकच : पहिले वर्ष सर्व विषयांसह उत्तीर्ण झाल्यानंतर, तिसरे सत्र सुरू होण्याआधी.

व्यावसायिक अभ्यासक्रमांत मोकळीक आणखी कमी. अभियांत्रिकीत दुसऱ्या वर्षापासून संस्था बदलता येते, पण रिक्त जागा असेल तरच, आणि तंत्रशिक्षण संचालनालयाच्या नियमांनी. वैद्यकीय शिक्षणात पूर्वी ठरावीक मर्यादेत स्थलांतराला मुभा होती; २०२३ च्या नियमावलीने ती काढून घेतली आणि त्यावरून न्यायालयीन वादही झाले.

पैशाच्या हिशेबात नव्या फीपेक्षा सुटणाऱ्या सवलती जास्त जड जातात. व्यावसायिक अभ्यासक्रमांना राजर्षी शाहू महाराज योजनेसारखी शुल्क-सवलत कॅपमधून झालेल्या प्रवेशाला जोडलेली आहे. बदललेल्या प्रवेशाला ती पुढे मिळेल का, हे महाडीबीटीचा अर्ज भरताना नव्हे, तर निघण्यापूर्वी विचारावे लागते. पहिल्याच वर्षी लवकर निर्णय झाला, तर भरलेल्या फीपैकी काही परत मिळते. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रवेशाच्या अंतिम तारखेनंतर १५ दिवसांच्या आत प्रवेश रद्द केल्यास ८० टक्के, ३० दिवसांच्या आत ५० टक्के आणि त्यानंतर शून्य. संस्थेला मूळ कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, हेही त्याच नियमांत आहे. पालकांना ते क्वचितच ठाऊक असते.

कागदपत्रांत टी.सी., स्थलांतर प्रमाणपत्र, गुणपत्रिका आणि नव्या विद्यापीठाची पात्रता म्हणजे एलिजिबिलिटी एवढे लागते. यादीपेक्षा क्रम महत्त्वाचा. टी.सी. काढली की जुना प्रवेश संपतो. नवीन ठिकाणचे लेखी होकारपत्र हाती येण्याआधी ती काढणाऱ्याचे तेलही जाते आणि तूपही.

जागा न सोडताही बऱ्याच गोष्टी साधतात. अभियांत्रिकीत प्रथम वर्षाच्या गुणांवर त्याच महाविद्यालयात शाखा बदलण्याची सोय अनेक ठिकाणी असते. विद्यापीठाने मान्य केल्यास एका सत्रातली ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांके ‘स्वयम्’च्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतून घेता येतात. २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी करण्यास आयोगाची परवानगी आहे. हवा तो विषय इग्नू किंवा नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून सोबत शिकता येतो. आणि ओढ केवळ नावाची असेल, तर पदवी पूर्ण करून पदव्युत्तर शिक्षणाला तिकडे जाणे सर्वांत सोपे : तिथे श्रेयांके जुळवण्याची भानगड नसते, प्रवेश परीक्षा किंवा गुणवत्ता यादी, स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रता एवढ्यावर काम होते.