पहिले बहात्तर तास

दुःखाला कारण असते व ते कारण दूर केल्यास दुःखाचा निरोध होतो, अशी तथागतांची शिकवण आहे. एच.आय.व्ही.कडेही आपण याच दृष्टीने पाहावे, असे आम्हांस वाटते.

माणसातील संसर्गाचे पहिले दिवस सहसा हाती लागत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञांनी एच.आय.व्ही.चा भाऊबंद असलेल्या एस.आय.व्ही. या विषाणूचा ऱ्हीसस माकडांत अभ्यास केला. शरीरसंबंधातून आलेल्या विषाणूला प्रथम योनीचे किंवा गुदमार्गाचे ओलसर अस्तर अडवते. बहुतेक विषाणू तेथेच थांबतात. थोडे मात्र काही तासांतच आत शिरून सीडी-४ या पांढऱ्या पेशींत घर करतात. त्या जागी दाह होतो, शरीर आणखी पेशी मदतीला धाडते आणि त्याच विषाणूचे भक्ष्य ठरतात. पुढे विषाणू लसिका ग्रंथींत, रक्तात व आतड्यांत पोचतो. आतड्यांतील सीडी-४ पेशींचा काही आठवड्यांतच मोठा संहार होतो.

हा विषाणू दडूनही बसतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात माकडांना तिसऱ्याच दिवशी, रक्तात विषाणू दिसण्यापूर्वी, औषध सुरू केले होते. तरीही औषध थांबवल्यावर विषाणू पुन्हा उसळला.

म्हणूनच वेळेला महत्त्व आहे. दूषित सुई टोचली, अत्याचार झाला किंवा असा अन्य धोका घडला, तर प्रतिबंधक औषधे शक्यतो पहिल्या काही तासांत व उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. लाजेपोटी घरी बसून घालवलेला प्रत्येक तास विषाणूच्या पथ्यावर पडतो. अशा वेळी तडक सरकारी रुग्णालय गाठावे. १०९७ या राष्ट्रीय क्रमांकावरही मोफत माहिती मिळते.

ज्यांना लागण झालेली आहे, त्यांच्यासाठी शासनाने २००४ पासून मोफत उपचार सुरू केले. नियमित औषधांनी रक्तातील विषाणू तपासणीत न दिसण्याइतका कमी राहिल्यास शरीरसंबंधातून तो जोडीदारास लागत नाही. एका ताटात जेवल्याने किंवा हात हातात घेतल्याने तर तो मुळीच पसरत नाही. २०१७ च्या कायद्याने अशा रुग्णांशी भेदभाव करण्यास मनाई केली आहे.

स्पर्शाने विटाळ मानणाऱ्या समाजाचे चटके आपल्या पूर्वजांनी सोसले आहेत. तोच विटाळ आपण आपल्या आजारी बांधवाच्या वाट्याला येऊ देता कामा नये. विद्यार्थ्यांनी ही माहिती वस्तीवस्तीत न्यावी, हीच आमची विनंती.