कर्ता गेला, मुदत सुरू झाली

घरातला कर्ता माणूस रस्ता अपघातात गेला की पुढचे काही आठवडे पोलीस ठाणे, रुग्णालय आणि दिवसकार्य यांतच जातात. भरपाईचा विषय काढणेही घरच्यांना नकोसे वाटते. पण मागे राहिलेल्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न त्याच दिवशी उभा राहतो. भरपाई मागणे हा त्यांचा कायदेशीर हक्क आहे, आणि त्याला मुदत आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ नुसार हा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. अपघात झाला तो जिल्हा किंवा वारस राहतात तो जिल्हा, कुठेही अर्ज करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, तरी त्या भरवशावर थांबू नये. मुदत मोजली जाते अपघाताच्या तारखेपासून. जखमी माणूस चार महिन्यांनी दगावला, तर हाती दोनच महिने उरतात.

दावा कोणी करायचा?

मृताच्या कायदेशीर प्रतिनिधींनी. पत्नी, पती, मुले, आई-वडील तर आलेच. जावयाच्या घरी त्याच्या आधाराने राहणाऱ्या सासूलाही सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हा हक्क मान्य केला.

सिद्ध काय करायचे?

समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा. त्यासाठी फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही. शक्यतेचे पारडे आपल्या बाजूने झुकले तरी पुरते. म्हणून एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, वाहनाची विमा पॉलिसी यांच्या प्रती लगेच मिळवाव्यात. वय आणि उत्पन्न यांचे पुरावेही तितकेच मोलाचे, कारण रक्कम त्यांवरच ठरते.

हिशेब कसा होतो?

रंगकाम करणारा ३४ वर्षांचा माणूस महिन्याला २०,००० रुपये कमावत होता आणि मागे पत्नी, दोन मुले, आई असे चौघे अवलंबून आहेत, असे धरू. भावी वाढीचे ४० टक्के मिळवून २८,००० होतात. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की २१,००० उरतात. वर्षाचे झाले २,५२,०००. या वयाचा गुणक १६, म्हणजे ४०,३२,००० रुपये. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांनी ही पद्धत पक्की केली. अंत्यसंस्काराचा खर्च आणि सहवास गमावल्याची रक्कम वेगळी. गृहिणीच्या कामाचेही मोल न्यायालये धरतात.

चूक सिद्ध करणे अवघड असेल, तर कलम १६४ खाली ५ लाख रुपये मिळू शकतात. धडक देऊन वाहन पसार झाले असेल, तर सरकारी योजनेतून २ लाख.

वकिलाच्या खर्चाला घाबरून कोणी मागे राहू नये. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. दारात आलेल्या एजंटाच्या कागदावर सही करण्याआधी तिथे जावे.