सोन्याच्या नाण्यावरील राजा आणि माप

भूमहून बार्शीच्या बाजारास जाणाऱ्या व्यापाऱ्यास १९४८ पूर्वीं वाटेंत राज्यहि बदलावें लागे आणि चलनहि. भूम हैदराबाद संस्थानांत, तर बार्शी इंग्रजी मुलखांत. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. अखेरच्या काळांतील सरकारी दरानें शंभर कलदार रुपयांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली पडत. संस्थानास आपल्या नाण्याचा अभिमान होता. त्याची किंमत हा हिशेब करणारा रयतेंतील माणूस देत असे.

हाली रुपया चांदीचा. संस्थानचें सोन्याचें नाणें म्हणजे अशरफी. दिल्लीची बादशाही असेपर्यंत हैदराबादच्या नाण्यांवर बादशहाचें नांव असे. १८५७ च्या उठावानंतर ती संपली, तेव्हां तेथें आसफजाहाचें नांव आलें. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं यंत्रावर पाडलेल्या नाण्यांवर चारमिनार झळकूं लागला. त्याच्या कमानींत मीर महबूब अली खानांच्या काळीं ‘मीम’ आणि मीर उस्मान अली खानांच्या काळीं ‘ऐन’ हें आद्याक्षर असे. अशरफीचें वजन ११.१७८ ग्रॅम, म्हणजे तोळ्यास सुमारें चार गुंजा कमी. हजार भागांत शुद्ध सोनें ९१० भाग. बाजारापेक्षां दरबारच्या नजराण्यांत तिचा मान मोठा.

जर्मनींतील लहान संस्थानांनीं निराळी वाट धरली. १८७१ मध्यें साम्राज्य स्थापन झालें आणि त्याच वर्षीं ४ डिसेंबरच्या कायद्यानें सोन्याचें नाणें सर्वत्र एकाच मापाचें ठरलें. वीस मार्कांचें वजन ७.९६५ ग्रॅम, सोनें हजारीं ९००. एका बाजूस साम्राज्याचा गरुड. दुसऱ्या बाजूस त्या त्या राजाची मुद्रा, आणि हँबुर्गसारख्या स्वतंत्र नगराच्या नाण्यावर नगरचिन्ह. शौम्बुर्ग-लिप्पे हें अगदीं चिमुकलें संस्थान. त्याचीं १८९८ व १९०४ सालचीं नाणीं बर्लिनच्या टांकसाळींत पडलीं. तरी तीं बलाढ्य प्रशियाच्या नाण्यांच्या बरोबरीनें चालत. राजानें मुद्रा राखली, माप सोडलें. व्यापाऱ्याचा बट्टा वांचला.

१९१८ सालीं जर्मन राजे गेले, १९४८ सालीं निजामी राजवट संपली, आणि १९५९ सालीं हाली चलनहि बंद झालें. आतां धाराशिव जिल्ह्यांतील एखाद्या घरीं जुन्या पेटींत अशरफी निघाली, तर सोनार ती भावानें तोलील, आणि त्यांत कांहीं गैर नाहीं. पण एकदां ती आटवली कीं सोनें उरतें, कमानींतील अक्षर व हिजरी साल कायमचें पुसलें जातें. म्हणून मुशींत घालण्यापूर्वीं तीं दोन्ही वाचून घ्यावींत आणि नाणें जाणकारास दाखवावें, एवढी सावधगिरी प्रत्येक सुशिक्षित घरानें बाळगावी.