विश्लेषण : तान्ह्या बाळासह सोळा तासांचा विमानप्रवास... तयारी कोठून सुरू करावी?

भांडुप, मुलुंड, विक्रोळीतील अनेक घरांतील मुले-मुली नोकरीनिमित्त अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात आहेत. बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक बाळ चार-पाच महिन्यांचे झाले की परत निघते, तर कधी तिकडे जन्मलेले नातवंड पहिल्यांदाच आजी-आजोबांना भेटायला येते. अशा वेळी घरात चर्चा होते ती ‘विमानात बाळ रडले तर काय’ याचीच. प्रत्यक्षात रडणे थांबते. प्रवास अडतो तो अपुऱ्या कागदपत्रांमुळे आणि खरी जोखीम असते ती बाळाला मांडीवर कसे धरले आहे, यात.

कागदपत्रांची सुरुवात जन्मदाखल्यापासून का?

बाळ कितीही लहान असले तरी त्याला स्वतःचा पासपोर्ट लागतो. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखलाच ग्राह्य धरला जातो. भांडुप परिसरातील जन्मांची नोंद मुंबई महापालिकेच्या ‘एस’ विभाग कार्यालयाकडे होते. जन्मापासून २१ दिवसांत केलेली नोंद नि:शुल्क असते. मात्र रुग्णालयाकडून नोंद जाते तेव्हा बहुतेकदा बारसे झालेले नसते आणि दाखल्यावरील नावाचा रकाना रिकामा राहतो. एक वर्षाच्या आत हे नाव शुल्काविना भरता येते. परदेशी जायचे असल्यास हे काम बारशानंतर लगेच उरकावे. दाखल्यावरील आई-वडिलांची नावे त्यांच्या पासपोर्टप्रमाणेच आहेत ना, हेही तेव्हाच तपासावे. एका अक्षराच्या फरकानेही अर्ज मागे येऊ शकतो. पासपोर्टच्या अर्जासोबत दोन्ही पालकांच्या संमतीचे घोषणापत्र, म्हणजे ‘परिशिष्ट ड’ जोडावे लागते. बालकाचा पासपोर्ट पाच वर्षांसाठी मिळतो आणि आठ वर्षांखालील मुलांना शुल्कात १० टक्के सवलत असते.

व्हिसा आणि संमतीपत्राचे काय?

व्हिसाही बाळाच्या नावे स्वतंत्र लागतो. अमेरिकेच्या व्हिसासाठी १४ वर्षांखालील मुलांना मुलाखतीतून मिळणारी सूट सप्टेंबर २०२५ पासून सर्वसाधारणपणे बंद झाली आहे. त्यामुळे वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत बाळालाही नेण्याची तयारी ठेवावी. याउलट, अमेरिकी पासपोर्ट असलेले बाळ भारतात येणार असेल तर त्याच्यासाठी ओसीआय कार्ड किंवा भारताचा व्हिसा हवा. आई-वडील भारतीय आहेत, एवढे पुरत नाही. आई किंवा वडील एकटेच बाळाला घेऊन निघाले असतील, तर दुसऱ्या पालकाचे नोटरी केलेले संमतीपत्र आणि जन्मदाखला हातातील पिशवीत ठेवावा. अमेरिका, कॅनडासारख्या देशांत प्रवेशाच्या वेळी त्याची विचारणा होऊ शकते.

किती वयाच्या बाळाने विमानात बसावे?

जन्मानंतर पहिले ४८ तास विमानप्रवास टाळावा आणि शक्यतो सात दिवस थांबावे, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. लांबच्या प्रवासासाठी बरेच बालरोगतज्ज्ञ दोन-तीन महिने थांबण्याचा सल्ला देतात. विमानाच्या केबिनमधील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरील हवेइतका असतो. राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई सुमारे ५,४०० फूट आहे. म्हणजे बाळ त्याहूनही विरळ हवेत कित्येक तास राहते. निरोगी बाळाला ते सोसते, पण अपुऱ्या दिवसांचे किंवा हृदय, फुप्फुसाचा त्रास असलेले बाळ असेल, तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज तिकीट काढू नये. लसीकरणही याच भेटीत पाहावे. आपल्याकडे गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नवव्या महिन्यानंतर दिली जाते. परदेश प्रवास असल्यास सहा महिन्यांनंतर एक जादा मात्रा देण्याची शिफारस काही देशांत आहे. २०२२ च्या अखेरीस गोवंडी परिसरातून पसरलेल्या गोवराच्या साथीनंतर ही बाब मुंबईत येणाऱ्या बाळांसाठीही महत्त्वाची ठरते.

कान का दुखतात?

घसा आणि मधल्या कानाला जोडणारी नलिका बाळांमध्ये अरुंद आणि जवळजवळ आडवी असते. विमान खाली येऊ लागले की केबिनमधील दाब वाढतो आणि ही नलिका वेळेत उघडली नाही तर कानाच्या पडद्यावर ताण येतो. गिळताना नलिका उघडते. म्हणून उड्डाणाच्या वेळी आणि विशेषतः उतरताना बाळाला अंगावर पाजावे, बाटली किंवा चोखणी द्यावी. विमान साधारण अर्धा तास आधी उतरू लागते, त्यामुळे चाके टेकण्याची वाट पाहू नये. सर्दी झाली असल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. बाळ झोपावे म्हणून मनाने सर्दीचे औषध देणे मात्र धोक्याचे आहे. काही बाळे त्याने उलट अधिकच चिडचिडी होतात.

मांडीवरचे बाळ सुरक्षित असते का?

दोन वर्षांखालील बाळाला मांडीवर घेऊन प्रवास करता येतो आणि त्याचे भाडे प्रौढांपेक्षा बरेच कमी असते. परतीच्या आधी दुसरा वाढदिवस होणार असेल तर परतीसाठी आसन घ्यावे लागते. मात्र मांडी हे सर्वांत सुरक्षित आसन नाही. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला निघालेल्या विमानाला उतरताना हवेतील खळबळीचे जबर हादरे बसून अनेक प्रवासी जखमी झाले. अशा हादऱ्यात हातांची पकड पुरत नाही. १९८९ मध्ये अमेरिकेतील सू सिटी येथे कोसळलेल्या विमानात चार मुले मांडीवर होती. त्यांना पालकांच्या पायाशी जमिनीवर ठेवायला सांगण्यात आले होते. त्यातील एक दगावले. तेव्हापासून तेथे मुलांना स्वतंत्र आसन सक्तीचे करण्याची मागणी होत आहे, परंतु तिकिटाचा खर्च वाढल्यास कुटुंबे अधिक अपघाती अशा रस्त्याने जातील, या कारणाने नियम झालेला नाही.

मग पर्याय कोणते?

ऐपत असल्यास बाळासाठी आसन घेऊन विमानात वापरण्यास मान्यता असलेली कारसीट बसवणे हा सर्वांत चांगला मार्ग. मांडीवरच घ्यायचे असल्यास पालकाच्या पट्ट्यात अडकवायचा बाळाचा जोडपट्टा मागून घ्यावा. युरोपात तो बंधनकारक आहे, तर अमेरिकी कंपन्यांच्या विमानांत उड्डाण आणि उतरताना त्याला परवानगी नाही. पुढच्या भिंतीला लावायचा बाळाचा पाळणा (बॅसिनेट) मोजकाच असतो. त्यामुळे तो तिकीट काढतानाच मागावा आणि वजनाची मर्यादा विचारून घ्यावी. पट्टे बांधण्याची खूण पेटली की झोपलेल्या बाळालाही पाळण्यातून उचलावे लागते.

थेट विमान की मधला थांबा?

मुंबई-न्यूयॉर्क थेट प्रवास पंधरा-सोळा तासांचा आहे. मध्ये थांबा घेतला तर पाय मोकळे होतात, पण कानांवरचा ताण आणि सुरक्षा तपासणी दोनदा होते. शक्य असल्यास थेट विमान बरे. सुरक्षा तपासणीत १०० मिलीलिटरची मर्यादा बाळाच्या दुधाला आणि अन्नाला लागू नसते, मात्र ते वेगळे काढून दाखवावे. तयार केलेले पावडरचे दूध दोन तासांत संपवावे, उरलेले टाकून द्यावे. डायपर, झबली आणि दुपटी प्रवासाच्या वेळेपेक्षा अर्ध्या दिवसाची जास्त घ्यावीत. घरून निघताना पवईमार्गे जाणाऱ्या जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरील गर्दी धरून तीन तास आधी विमानतळावर पोहोचण्याचा हिशेब ठेवावा. पोहोचल्यावर बाळाची झोप रुळायला काही दिवस लागतात. सकाळच्या उन्हात नेणे आणि रात्री अंधार ठेवणे, हा त्यावर उपाय. तेवढे दिवस पाहुण्यांना थोडे थांबवलेले बरे.