थेंब खाली, दुखणं वर!

मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये रिटायर झाल्या, पण हौशी मंडळींच्या पार्किंगमध्ये पद्मिनी अजून तोऱ्यात उभी असते. आमच्याकडेही आहे, बाबांची. मध्यंतरी तिच्याखाली रोज रुपयाएवढा काळा डाग पडायला लागला. एका मेकॅनिकने लांबूनच निदान केलं, ‘इंजिन उतरवावं लागेल.’ खर्च ऐकून घरात ‘विकूनच टाका’चा सूर लागला. बाबा गप्प. म्हटलं, थांबा, आधी बघू तर!

दुर्लक्ष करण्यासारखी ही गोष्ट नव्हेच. तेल कमी झालं तर इंजिन झिजतं आणि तापलेल्या एक्झॉस्टवर ठिबकलं तर पेटूही शकतं. पण १०८९ सीसीचं हे इंजिन साधं-सरळ. बॉनेट उघडलं की बरंचसं समोरच दिसतं.

तेल वरून खाली ओघळतं. त्यामुळे जमिनीवरच्या डागावर जाऊ नका, सगळ्यात वरची ओली जागा शोधा. मी गार इंजिन डीग्रीझरने पुसलं, सुकू दिलं, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली आणि गाडी उघड्यावर दहा मिनिटं चालू ठेवली. (पंख्यापासून हात लांब!) पावडर काळवंडली ती टॅपेट कव्हरच्या कडेला. मुजरिम हाजिर! गिअरबॉक्सच्या सांध्याशी भिजली असती, तर मात्र मेकॅनिकचं खरं ठरलं असतं.

इंजिन गार झाल्यावर कव्हर काढलं. कॉर्कचं पॅकिंग वाळून चिरलं होतं. त्याचे तुकडे प्लास्टिकच्या पट्टीने हळूच खरवडले. एकही कण आत पडता कामा नये. कव्हरची कड सपाट काचेवर ठेवून वाकलेली नाही ना, ते पाहिलं आणि नवं पॅकिंग बसवलं.

आता खरी परीक्षा, नट आवळायची. इथे ताकद दाखवली की कॉर्क फाटतो, पत्रा वाकतो आणि गळती परत सुरू. म्हणून आळीपाळीने, थोडं थोडं, पॅकिंग नीट बसेल इतपतच. ब्रीदरची नळीही साफ केली. ती तुंबली की आतला दाब वाढून नवं पॅकिंगसुद्धा तेल सोडतं.

एक रविवार, एक पॅकिंग आणि साधे पाने. रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवला. सकाळी पाहिला तर कोरा! ‘विकूनच टाका’ हा विषय पुन्हा निघाला नाही. आणि तो पुठ्ठा बाबा अजून फेकू देत नाहीत.