सरोवराकाठचा उतरता उन्हाळा

ऑगस्टअखेरच्या एखाद्या दुपारी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर पारा 31 अंशांवर असतो. त्याच वेळी पंचवीसेक किलोमीटर पूर्वेला, मिशिगन सरोवराच्या काठावर, जेमतेम 25 अंश असतात. तिथे हे नवल नाही. शहराचं अधिकृत तापमान 1980पासून ओहेअरला मोजतात, त्यामुळे बातम्यांतला आकडा काठावर राहणाऱ्याच्या कामाचा असेलच असं नाही. उन्हाळ्यात मुलांकडे राहायला गेलेले आपल्याकडचे आईबाबा घरून घामाघूम होऊन निघतात आणि पाण्याजवळ पोचल्यावर त्यांना स्वेटर आठवतो. अशा ठिकाणी पुढच्या महिन्याचा अंदाज वाचायचा तरी कसा?

आधी अंदाजाचा नकाशा. अमेरिकेचं क्लायमेट प्रेडिक्शन सेंटर तो महिन्याच्या मध्याला देतं आणि महिनाअखेरीस सुधारून पुन्हा देतं. शिकागोवर ‘40 टक्के, सरासरीपेक्षा उष्ण’ असं दिसलं, की लोक समजतात सप्टेंबर तापणार. तसं नसतं. 1991 ते 2020 या वर्षांतले 30 सप्टेंबर तापमानाप्रमाणे ओळीने लावायचे: वरचे 10 उष्ण, मधले 10 नेहमीसारखे, खालचे 10 थंड. काहीच माहिती नसती, तर प्रत्येक गटाची शक्यता 33 टक्के धरावी लागली असती. 40 म्हणजे पारडं उष्ण बाजूला थोडं झुकलेलं. मधल्या गटाला 33 आणि थंड गटाला 27 टक्के उरतातच. पृथ्वी तापत असल्यामुळे अलीकडे हे पारडं बहुधा उष्णतेकडेच झुकतं. पण अमुक शनिवारी काय होईल, याबद्दल हा नकाशा अवाक्षर काढत नाही.

दिवसाचं हवामान ठरवतं ते सरोवर. सुमारे 490 किलोमीटर लांब, 281 मीटरपर्यंत खोल असं हे पाणी तापायला फार वेळ घेतं. हवेचा कडक उन्हाळा जुलैत येतो, पाण्याचा ऑगस्टमध्ये. तेव्हाही ऊब वरच्या थोड्या मीटरांपुरतीच असते. तळाशी वर्षभर चारेक अंशांचं पाणी असतं.

निरभ्र, मंद वाऱ्याच्या दिवशी दुपारपर्यंत जमीन पाण्यापेक्षा बरीच तापते. जमिनीवरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला सरोवरावरची गार हवा आत शिरते. कोकणात खारे वारे याच कारणाने येतात. हा क्षण काठावर उभं राहून पाहावा असा असतो: पश्चिमेच्या वाऱ्याने फडकणारं निशाण आधी लोंबतं, मग उलट्या दिशेला ताणलं जातं, आणि काही मिनिटांत तापमान पाच-सहा अंशांनी उतरतं. पाण्यावरचं आभाळ स्वच्छ राहतं, पण आत शहरावर, जिथपर्यंत गार हवा पोचली तिथे, पांढऱ्या ढगांची रांग उभी राहते. ती दिसली की गारवा कुठवर आला ते कळतं.

नैऋत्येचा जोरदार वारा असला, तर मात्र हा गारवा आत शिरूच शकत नाही. मेक्सिकोच्या आखाताकडची दमट हवा येते, त्यात इलिनॉय-आयोवाच्या मक्याच्या शेतांनी सोडलेली वाफ मिसळते, आणि काठावरही घामाच्या धारा लागतात. असा दक्षिणेकडचा वारा टिकला, तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं ऊबदार पाणी पूर्वेकडे सरकतं आणि पश्चिम काठाला, मिलवॉकीच्या बाजूला, खालचं थंड पाणी वर येतं. म्हणजे हवा उकाड्याची आणि पाणी पाय बधिर करणारं! उत्तरेचा वारा सुटला की हाच प्रकार पलीकडे, मिशिगन राज्याच्या काठी होतो. म्हणून पोहायला जाण्याआधी हवेच्या अंदाजापेक्षा पाण्याचं त्या दिवशीचं तापमान पाहणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ॲन आर्बरची ग्रेट लेक्स संशोधन प्रयोगशाळा उपग्रहावरून त्याचा नकाशा बनवते, आणि सरोवरातले बोयेही ते मोजतात.

सप्टेंबरमध्ये पाण्याचं वागणं उलटतं. महिन्याच्या सुरुवातीला शहरात दुपारचं सरासरी कमाल तापमान 27 अंशांच्या आसपास असतं, अखेरीला 22च्या. पाणी मात्र हळूहळू निवतं, त्यामुळे काठावरच्या रात्री आतल्या गावांपेक्षा उबदार राहतात. पश्चिमेचे वारे ही ऊब पलीकडे नेतात. मिशिगनच्या त्या काठावर पीच, सफरचंद आणि ब्लूबेरीच्या बागा उभ्या आहेत त्या याच आधारावर. तिथे शरदातला दहिवराचा मारा उशिरा येतो. उबदार पाण्यावर एकदम थंड हवा आली, तर जलस्तंभही दिसतात. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर हा त्यांचा हंगाम.

धोका असतो तो थंड हवेची लाट ओलांडून गेल्यानंतरच्या दिवशी. आकाश निळंभोर, ऊन सुखाचं, पाणी अजून उबदार. पण वारा उत्तरेचा असतो आणि त्याला सरोवराची जवळजवळ सगळी लांबी मोकळी मिळते. लाटा वाढत वाढत दक्षिणेला, शिकागो आणि इंडियानाच्या काठावर आदळतात. धक्क्यांच्या आणि बंधाऱ्यांच्या कडेने पाण्याची ओढ तयार होते, ती चांगल्या पोहणाऱ्यालाही आत खेचते. रोमिओव्हिलचं हवामान कार्यालय अशा दिवशी किनाऱ्यासाठी वेगळा इशारा देतं. तो वाचल्याशिवाय मुलांना पाण्यात सोडू नका. शहराच्या चौपाट्यांचा पोहण्याचा हंगाम सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला संपतो. त्यानंतर पाणी कितीही उबदार असलं, तरी काठावर जीवरक्षक असेल असं धरून चालू नये.